मोऱ्याचं पथ्य

तुम्ही खोटं बोललात, साहेब. ‘पोरांच्या भल्यासाठी आलोय’ म्हणालात. कुठल्या पोरांच्या, ते मात्र पोटात ठेवलंत. तुमच्या संस्थेच्या दारावर आज कुणाच्या नावाची पाटी आहे मला ठाऊक नाही आणि त्याच्याशी मला देणंघेणंही नाही. तेव्हा त्या खुर्चीत बसला होता तो साहेब, आज बसलाय तोही साहेबच. मी तुम्हालाच सांगतेय. नीट ऐका.

शाळेच्या ओट्यावर वजनकाटा मांडला होता आणि भोवती अख्खा कोळीवाडा जमला होता. वारा उलटा होता म्हणून होड्या काठालाच होत्या, पुरुषमाणसंही रिकामी. मास्तर एकेका जाड्या पोराचं नाव पुकारत होते. आमच्यात पूर्वी पोर जाडं झालं तर लोक कौतुकाने बघायला यायचे. बंदरावर बर्फाचा कारखाना आला, मागून दुकानं आली, खारी-बिस्किटं आली, रंगीत पाण्याच्या बाटल्या आल्या, तशी पोरं सुटत चालली होती. तरी माझ्या भावासारखं कुणी नव्हतं.

भावाचं नाव मोरेश्वर. सगळे मोऱ्या म्हणायचे. वय अकरा. तयार सदरा त्याला कधी झाला नाही. आय दोन्ही बाजूंनी उसवून आत कापडाच्या पट्ट्या जोडायची. तो काट्यावर चढला तशी मागून पोरं ओरडली, ‘‘घोल आली! घोल!’’ घोळ म्हणजे मोठ्या थोराड अंगाचा मासा.

मोऱ्या वळला. ‘‘हसा रं, हसा. घोलीला बाजारात भाव हाय. तुमच्यासारख्या बोटभर मांदेलीला कोन इचारतो?’’

सगळा ओटा हसला. त्याची रीतच होती ती. लोक हसायच्या आत तो स्वतःच हसवून मोकळा व्हायचा. घरी आल्यावर मात्र होडीखाली जाऊन बसायचा, तेव्हा मी त्याच्या वाट्याला जायची नाही.

पोशाकाका, आमच्या बाचा, दामाचा, धाकटा भाऊ, काट्याजवळ वाकून म्हणाला, ‘‘मास्तर, काटा सांभाला. भाड्याचा असंल तर मोडल्यावर आमच्या दामाच्या होडीवर बोजा चढंल.’’

तुमच्या माणसांत एक तरुण बाई होती. अनघाबाई. गोरी, बारीक, चष्मा सारखा घसरायचा आणि हातात काही असलं की ती तो मनगटाने वर सारायची. तिने मोऱ्याला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुगा दाबला. बघितलं. पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा दाबला. मग दुसऱ्या दंडाला. मग तिने जीपजवळ उभ्या असलेल्या तुम्हाला हाक मारली. तुम्ही आलात, पाहिलंत, इंग्रजीत दोन वाक्यं बोललात आणि परत जीपकडे गेलात. ती तुमच्या पाठीकडे बघत राहिली.

मोऱ्याने विचारलं, ‘‘बाय, माझं काय चुकलं काय?’’

‘‘नाही रे राजा,’’ ती म्हणाली. ‘‘छान आहे सगळं.’’

मग शिरेतून रक्त काढलं. मोऱ्याने तोंड फिरवलं नाही. बाटलीत चढणारं आपलं रक्त तो बघत बसला.

त्यानंतर चिठ्ठ्या. पितळी डब्यात निळ्या-पिवळ्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि एकेका पोराने हात घालायचा होता. निळी आली तर दुपारी शाळेत माशाचं कालवण. पिवळी आली तर कोंबडी. पिवळीवाल्यांनी घरीसुद्धा मासा खायचा नाही, ओला नाही, सुका नाही, पाहणी चालू आहे तोवर.

मोऱ्याला पिवळी आली.

ओट्यावर हशा पिकला. कोळ्याच्या पोराला कोंबडी! आय पदर खोचून पुढे गेली. ‘‘बाय, याची चिठ्ठी बदला. त्या वान्याच्या पोराला निली आलीय, त्याला काटं काढता येत नाय. त्याला कोंबडी द्या, माझ्या पोराला मासा द्या. दोघं बी खूश.’’

‘‘नाही हो मावशी, बदलता येत नाही. एक जरी बदललं तर सगळं फुकट जाईल.’’ मग अनघाबाईंनी कागद वाचून दाखवला. शाळेतली भाषा होती. आय मान डोलवत राहिली, आणि जे तिला उमगलं ते एवढंच: पोराला मासा बंद.

आता हे तुम्हाला सांगून कळणार आहे का ते बघा. आमच्यात डॉक्टर एखादी गोष्ट खाऊ नको म्हणाला की त्याला पथ्य म्हणतात. कावीळ झाली, तेल बंद. खरूज झाली, कोलंबी बंद. पथ्य बरं होण्यासाठी असतं. दुसऱ्या कशासाठी डॉक्टर माणसाच्या तोंडचा घास काढील, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नसतं. आयच्याही आलं नाही. तिने हिशेब लावला: पोर जाडं आहे, मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, मासा बंद सांगितला. म्हणजे माशानेच जाडं झालं. तारलीला, बांगड्याला तेल सुटतं ते ती रोज तव्यात बघत होती. ते तेल पोराच्या अंगाला लागलं.

अनघाबाईंनी मोऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘मोरेश्वर, तुझ्यावर विश्वास ठेवू ना? तुझ्यासारख्या खूप मुलांचं भलं होणार आहे यातून.’’

त्याला जन्मात कुणी मोरेश्वर म्हटलं नव्हतं. आणि खूप मुलांचं भलं घोळीच्या हातात आहे, असंही कुणी म्हटलं नव्हतं. तो ताठ उभा राहिला. ‘‘शब्द देतो बाय. दर्याची आन.’’

दर्याची आण आमच्यात लहान पोरंसुद्धा खोटी घेत नाहीत.

घरात मासा बंद झाला. एकट्याला बंद ठेवलं तर वासाने पोर चळेल म्हणून आयने चुलीवर मासा चढवणंच सोडलं. बा होडीवर खायचा, मी बाजारात टोपलीपाशी बसून मावशीच्या डब्यातलं खायची. घरी वरण, भात, बटाटा. मोऱ्याचं पोट वरण-भाताने भरायचं नाही. मग आय त्याला दुकानातून खारी आणून द्यायची, फरसाण द्यायची. त्याला पथ्य नव्हतं ना.

बा चिडायचा. आमचा बा अंगाने थोराड, रागाला लवकर चढणारा. चढला की मान लाल व्हायची आणि डोक्याला फडकं आवळून बसायचा. ‘‘चांगुना, कोल्याच्या घरान मासा कदी शिजत नाय ठाव हाय ना? मानूस मेल्यावर. माझं कोन मेलंय सांग.’’

‘‘वंगाल बोलू नका. पोराचं पथ्य हाय.’’

‘‘कसलं पथ्य? माझ्या बापाने तारल्या खाऊन वल्हं मारलं. माझ्या आज्याने मारलं. कुनाला काय झालं?’’

‘‘तुमच्या बापाने वल्हं मारलं. हा खारी खातो आनि दुकानाच्या पायरीवर बसतो.’’

‘‘मंग खारी बंद कर!’’

‘‘डॉक्टरनं मासा बंद सांगितलाय. खारी नाय सांगितली.’’

मोऱ्या मध्ये पडायचा. ‘‘बा, थोडं दिस हाय रं. बाय येईल आनि सांगंल, झालं. मंग मी एका बैठकीला टोपलीभर तारल्या खाईन, तू बघच.’’

‘‘येडा माझा,’’ असं म्हणत बा उठायचा. एकदा त्याने होडीवरून केळीच्या पानात भाजलेला बांगडा लपवून आणला आणि आय नसताना मोऱ्यापुढे धरला. मोऱ्याने नाकाशी नेला, खूप वेळ हुंगला आणि परत दिला. बा दाराबाहेर जाऊन तो बांगडा मांजरीला घालून आला. मला म्हणाला, ‘‘यमू, पोर वाया गेलं गो. शब्द पालतंय.’’ बोलताना तोंडावर हसू होतं. नंतर दोन दिवस तो सगळ्या वाड्याला हेच सांगत फिरत होता.

त्या महिन्यातच तो गेला. समुद्राने नाही नेला. होडीच्या सावलीत जाळं शिवत बसला होता, डोक्याला फडकं आवळलेलं. पोशाकाकाला म्हणाला, ‘‘पानी दे रं, डोकं फुटतंय.’’ पाणी येईपर्यंत तो जाळ्यावर आडवा झाला होता. तालुक्याच्या डॉक्टरने सांगितलं, रक्ताचा दाब वाढून डोक्यातली शीर फुटली. ‘‘कधी मोजला नव्हता का दाब?’’ त्याने विचारलं. आमच्यात कोण मोजतं? होडीवर चढता येतं तोवर माणूस बरा.

अनघाबाई भेटायला आल्या. ओसरीवर बसल्या, आयचा हात हातात घेतला. मोऱ्याचं मुंडण झालं होतं. त्या त्याच्याकडे बघायच्या आणि नजर काढून घ्यायच्या. दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, दुःखाने.

आता पुढचं ऐका. आमच्या वाड्यात सुतक फिटतं त्या दिवशी मासा शिजतो. तिखटाचं जेवण म्हणतात. इतके दिवस मेलेल्याच्या नावाने घर अळणी असतं. त्या दिवशी मेलेल्या माणसाच्या आवडीचा मासा करतात, सगळा वाडा पानावर बसतो, आणि मोठा मुलगा पहिला घास घेतो. त्याने घेतला की मेलेला सुटला आणि मागे राहिलेलेही सुटले. तोवर कुणी पानाला हात लावत नाही.

बाच्या आवडीचा बांगडा होता. पोशाकाकाने स्वतः जाळं टाकून आणला. मोऱ्याला पाटावर बसवलं, पांढरं धोतर नेसवलेलं, ते त्याच्या पोटावर थांबत नव्हतं, तो एका हाताने धरून बसला होता. पुढे केळीचं पान, भात, कोकमाचं लाल कालवण, त्यात बांगड्याचा तुकडा.

‘‘घे बाला,’’ काका म्हणाला. ‘‘बाचं नाव घे आनि घे.’’

मोऱ्याने हात पुढे नेला. पानाजवळ थांबला. मग हात मांडीवर ठेवला.

‘‘मना नाय चालत, काका.’’

‘‘काय नाय चालत?’’

‘‘मासा. मी शब्द दिलाय. दर्याची आन घेतलीय.’’

पंगतीतून कुणीतरी म्हणालं, ‘‘पोर हाय. समजवा.’’ काकाने समजावलं. मग दरडावलं. ‘‘बापापरीस ती जीपवाली मोठी झाली काय? तुझा बा तिथं उंबऱ्यात खोलंबून बसलाय, आनि तू पथ्य सांगतंस?’’

मोऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. एकात धोतर, दुसरा मांडीवर आवळलेला. ‘‘बाला आवडलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘मी शब्द पालला ते. त्यानं सगल्यांना सांगितलं होतं.’’

‘‘चांगुना, तू सांग त्याला!’’

आय भिंतीला टेकून बसली होती. कपाळ उघडं. सगळा वाडा तिच्याकडे बघत होता, भुकेलेला, चिडलेला. ती हळू म्हणाली, ‘‘नवरा गेला माझा. पोराला बरं होऊ दे. मी त्याचं पथ्य नाय मोडनार.’’

काका पान उलटं घालायला उठला. पान उलटं झालं असतं तर आम्ही वाड्यातून उठलो असतो. आमच्या घरी विस्तवही कुणी दिला नसता. मी सतरा वर्षांची होते आणि मला काही सुचत नव्हतं. फक्त मोऱ्याचं ते धोतर धरलेलं बोट दिसत होतं, पांढरं पडलेलं. मी गेले, त्याच्या पाटाशेजारी बसले, त्याच्या पानातला बांगडा उचलला, ‘बा’ म्हटलं आणि तोंडात घातला.

बायका किंचाळल्या. ‘‘पोरीनं घेतला! पोरीनं!’’

‘‘मोठी मीच हाय,’’ मी म्हटलं. ‘‘त्याच्या आदी मी त्याला बा म्हनली. जेवा आता.’’

काका उभाच होता. मग थोबाडीत मारायला उचललेला हात त्याने डोळ्यांवर ठेवला आणि मटकन खाली बसला. पंगत जेवली. पण नंतर वाड्यात बोलणं राहिलंच, दामाला मुलाचा घास मिळाला नाही. मोऱ्या ते ऐकत मोठा झाला.

आणि तुम्ही काय केलंत? त्यानंतर एकदा येऊन पुन्हा रक्त काढलंत, मुंडण केलेल्या त्या पोराचं. अनघाबाईंनी तेव्हा तिखटाची गोष्टही ऐकली. मग जीप यायची थांबली. शाळेत कालवण करणारी तुमची स्वैपाकीण भांडी टेम्पोत घालून घेऊन गेली. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, ‘‘झालं वाटतं त्यांचं काम.’’ आय म्हणाली, ‘‘असं कसं? बाय सांगायला येईल.’’ नारळी पुनव आली, पहिल्या होड्या सुटल्या, भरून आल्या, वाड्यात घरोघरी तवे चढले. मोऱ्या दारात बसून बघायचा. ‘‘बाय आली नाय अजून,’’ म्हणायचा.

मी सांगितलं, ‘‘मोऱ्या, संपलं असंल ते. खा.’’

‘‘सांगायला नको कोनी? शब्द मी तिला दिलाय, ती सोडवील. मी कसा सोडवू?’’

मग नुसती सवय झाली. वाड्यात दुसऱ्या बायकांनीही आपल्या जाड्या पोरांचा मासा तोडला. मोठ्या डॉक्टरांनी दामाच्या पोराला सांगितलं होतं ना. होड्या वाळूवर माशाने भरलेल्या, आणि पोरं दुकानाच्या पायरीवर खारी खात बसलेली. हे तुमचं काम. ते तुम्ही कुठे छापलंत की नाही, ठाऊक नाही.

मोऱ्या बर्फाच्या कारखान्यात लागला. दिवसभर माशाच्या राशींवर बर्फ फोडायचा आणि दुपारी गाडीवरचा वडापाव खायचा. मित्र थट्टा करायचे, हा कोळी नव्हे, भटजी आहे. तो म्हणायचा, ‘‘दक्षिना काढा मंग.’’ डोकं दुखलं की फडकं आवळायचा, बासारखंच. लग्न ठरलं होतं. पोरगी उरणकडची, हसरी. हळदीला आठवडा असताना तो बर्फाच्या लादीला टेकून खाली बसला. कारखान्यातल्या पोरांनी सांगितलं, पाणी मागितलं त्याने. मी पुढचं सांगत नाही. तुम्हाला कळलं असेल.

त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मी तालुक्याच्या बाजारात बसते. गेल्या थंडीत सकाळी एक बाई माझ्या पाटीसमोर थांबली. केस अर्धे पांढरे.

‘‘तारली ताजी आहे का?’’

‘‘डोला बघा बाई. मेल्यावर बी चमकतोय.’’

ती हसली. ‘‘अर्धा किलो द्या. मुलासाठी हवीय. वजन जरा जास्त आहे त्याचं. आठवड्यातून दोन-तीनदा देते, कालवण करून. तळून नाही.’’

माझा हात थांबला. ‘‘जाड्या पोराला मासा चालतो?’’

‘‘चालतो म्हणजे? द्यावाच. मी स्वतः त्यावर काम केलंय. एका गावात आम्ही अर्ध्या मुलांना मासा दिला, अर्ध्यांना नाही. वजन काही फार उतरलं नाही, पण मासा खाणाऱ्यांचा रक्तदाब थोडा खाली आला, रक्तातली चरबी सुधारली.’’

‘‘आनि ज्यांना नाय दिला?’’

‘‘त्यांचं होतं तसंच राहिलं. ते तुलनेसाठी असतात.’’ तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. तिने चष्मा मनगटाने वर सारला.

मी सुरी खाली ठेवली. बाजार चालू होता, बायका ओरडत होत्या, मला काही ऐकू येत नव्हतं. एवढंच ऐकू येत होतं: तुलनेसाठी.

‘‘अनघाबाई,’’ मी म्हटलं. ‘‘माझा भाऊ तुलनेत होता.’’

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. ओळखायला वेळ लागला. मग चेहरा उजळला. खरंच उजळला, साहेब, तिला आनंद झाला. ‘‘यमुना? अगं, मोरेश्वर कसा आहे? त्याला मी कधी विसरले नाही. वडिलांच्या तिखटालासुद्धा त्याने...’’

‘‘त्याने शेवटपर्यंत नाय खाल्ला.’’

‘‘शेवटपर्यंत म्हणजे? पाहणी तर त्याच उन्हाळ्यात संपली.’’

‘‘तुमची संपली.’’

मी सगळं सांगितलं, तारली साफ करता करता, कारण हात थांबवले असते तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. मग विचारलं, ‘‘पहिल्या दिवशी त्याचा दाब तीनदा मोजलात. का?’’

‘‘जास्त होता,’’ ती कुजबुजली. ‘‘लहान मुलात असू नये इतका. मी साहेबांना म्हटलं, घरच्यांना सांगू या. ते म्हणाले, आत्ता सांगितलं तर हे गोळ्या सुरू करतील, आपले आकडे बिघडतील. शेवटी सगळ्यांना कळवू. तुझे वडील गेले तेव्हा मी पुन्हा गेले त्यांच्याकडे. पुन्हा तेच. मग माझी बदली झाली. मला वाटलं, कळवलं असेल.’’

‘‘ओसरीवर तोंड उघडलं होतंत तुम्ही.’’

‘‘हो.’’

‘‘आनि मिटलंत.’’

ती रडायला लागली, भर बाजारात, पिशव्या हातात घेऊन. ‘‘मी काय करू यमुना? सांग.’’

मी मासा पिशवीत घातला आणि तिच्या हातात दिला. ‘‘घरी जा. पोराला घाला. त्याचा काय गुन्हा?’’

साहेब, मासा म्हणजे अमृत नाही, एवढी अक्कल मला आहे. रोज बांगडा खाल्ला असता तर मोऱ्या जगला असता, असं मी म्हणत नाही. पण त्याचा दाब तुम्हाला ठाऊक होता, आम्हाला नव्हता. एक गोळी रोज घेतली असती. खारी सुटली असती. बापाच्या नावाचा घास त्याला घेता आला असता. तुमची जीप वीस गावं हिंडत होती. एकदा आमच्या दारात थांबून ‘संपलं, आता खा’ एवढं म्हणायला तिचं किती डिझेल जळलं असतं?

आय अजून आहे. तिचा अजून ठाम विश्वास आहे की मोऱ्या कारखान्यात चोरून मासा खात असणार, पथ्य मोडलं, म्हणून गेला. दर थोड्या दिवसांनी मला विचारते, ‘‘यमू, खाल्ला असंल ना गो त्याने?’’ मी नाही म्हणते, तिला पटत नाही. डॉक्टर खोटं कशाला सांगतील, म्हणते. पोरगा शब्द पाळून मेला आणि त्याची आय त्याला चोर समजून बसलीय. माझ्या तोंडून तिला ते खरं वाटणार नाही. ज्याने मासा बंद केला त्यानेच ते सांगायला हवं, समोर बसून, तिला कळेल अशा भाषेत.

ती फार दिवसांची नाही. तुम्ही येताय की नाही, तेवढं सांगा.